करपलेल्या दुधाचा वास

बाहेरचं, करणी, नजर... असलं कुणी बोललं की माझं डोकंच फिरतं. म्हणून हे इथे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

गेल्या वर्षी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, यांना पहिल्यांदा फिट आली. सायखेड्याची नणंद नेमकी घरी होती. तिने नाकाशी कांदा धरला, दातांत चमचा घातला. फिट थांबली ती आपोआप, पण दात तुटला तो चमच्याने! वर, भगताकडे न्या म्हणून महिनाभर फोन. मी सगळ्यांशी भांडून गोळ्या सुरू केल्या.

फिटच्या आधी यांना करपलेल्या दुधाचा वास येतो. डॉक्टर म्हणाले, तो मेंदूतला खेळ, बाहेर काही जळत नसतं. पटलं.

मग एका दुपारी द्वारका चौकाजवळच्या माझ्या ऑफिसात मला तोच वास आला. बाकी कुणालाच नाही. घरी फोन लावला. हे म्हणाले, मी ठीक आहे... आणि बोलता बोलता गप्प झाले. फोन खाली पडल्याचा आवाज आला. असं तीनदा झालं. मी माझ्याही मेंदूच्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, योगायोग. असेल बाबा.

नणंदेला सांगितलं असतं तर गोळ्या बंद करून भगत घरातच आला असता. म्हणून फक्त यांना सांगितलं आणि तिथेच चुकले. जन्मभर गाडीवर फिरून माल विकलेला माणूस, डॉक्टरांनी गाडी बंद केल्यापासून नुसता धुमसत होता. आता रोज सकाळी एकच प्रश्न, "वास येतोय का गं? नाही ना? मग काढतो गाडी." मी किल्ली लपवायची, यांनी शोधायची. आणि गोळी विसरली तर म्हणे, तू आहेस की.

परवा मला सर्दी झाली. सकाळी यांनी विचारलं, मी सवयीने नाही म्हणाले. किल्ली घेऊन हे खाली गेले. मी चहाचा कप तोंडाला लावला तर चहाचासुद्धा वास येईना. तशीच अनवाणी तीन जिने उतरले. यांनी गाडी चालू केली होती. मी समोर उभी राहिले.

"अहो, नाक चोंदलंय माझं," म्हणाले आणि सगळ्या सोसायटीदेखत रडले.

यांनी गाडी बंद केली. किल्ली काढून माझ्या हातात दिली.

तो वास मला का येतो, कुणालाच सांगता आलेलं नाही. गाडी मात्र विकायला काढलीय.