शेवटचा डबा दिसेपर्यंत

"गाडी जाताना बसायचं न्हाई," असं म्हणत आबा खुर्चीतून उठायचे आणि उजवा हात खांद्याइतका वर धरायचे. समोर गाडी नसायची. दौंड स्टेशनबाहेरच्या इंटरनेट कॅफेत कुणीतरी ई-मेल पाठवलेला असायचा, एवढंच. पडद्यावर 'मेसेज गेला' अशी ओळ येईपर्यंत आबा उभेच.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली होती. जाणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा दिसेपर्यंत हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, ही सवय हाडात मुरलेली. पोरं हसायची. कॅफेवाला ओरडायचा, "आबा, बसा आता, गेली मालगाडी!" आबाही हसायचे. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता.

मी राहू गावाहून कॉलेजसाठी दौंडला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ई-मेल मी नुकताच शिकलो होतो, दोन बोटांनी टाइप करायचो. तरी आबांनी मलाच धरलं.

"तू हळू दाबतोस. मला दिसतं," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा मस्कतला होता. आईच्या तेराव्यानंतर बापाशी भांडून गेला, तो परत बोललाच नाही. गावातल्या एकाकडून आबांना त्याचा ई-मेलचा पत्ता मिळाला होता. मी आबांच्या नावानं खातं उघडलं आणि इंग्रजी अक्षरांत त्यांचं मराठी लिहिलं : 'मी बरा हाय. तू कसा हाईस ते कळव.'

मग दर रविवारी ते यायचे. "लाइन क्लिअर आलं का रं? फुडच्या स्टेशनाचा निरोप?"

"नाही, आबा."

एकदा मी भीत भीत म्हणालो, "दुसरा पाठवू या का?"

"पयली गाडी फुडच्या स्टेशनात पोचली असं तिकडनं कळल्याबिगर दुसरी सोडत न्हाईत. गाठ पडली म्हंजी?"

"आबा, ई-मेलची टक्कर होत नाही."

"बोलण्याची व्हती," ते म्हणाले.

दिवाळी गेली, उन्हाळा आला. आबा येत राहिले. उत्तर नाही म्हटलं की मान हलवायचे, पण लगेच जायचे नाहीत. दुसऱ्यांच्या ई-मेलसाठी उठून उभे राहायचे.

एका रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. "आज सोडायची."

"पण उत्तर आलेलं नाही, आबा."

"तारा तुटल्या, तिकडनं निरोपच येईना, तर काय करत्यात, ठावं हाय? तवा एक गाडी जपून सोडत्यात. हळू. शिट्टी मारत." मग ते सांगू लागले. मी लिहीत गेलो. 'तुझी आई गेली तवा मी केबिनीतच व्हतो. झेंडी दुसऱ्याच्या हातात देऊन यायला पायजे व्हतं. तू म्हणलास ते खरं हाय.' ते थांबले. कॅफेवाल्यानं खडखडणारा पंखा हळू केला. "आन् लिही, उत्तराची घाई न्हाई."

मी बटण दाबलं. आबा उठले, हात वर धरला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. 'मेसेज गेला' अशी ओळ आली, तरी ते उभेच.

"आबा, गेली," कॅफेवाला हळूच म्हणाला.

"व्हय. पर शेवटचा डबा दिसंना."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. डोळे अधू झाले म्हणून बहिणीनं त्यांना वरवंडला नेलं होतं. माझ्यासाठी कॅफेवाल्याकडे निरोप होता, 'तू बघत जा.'

मी अजून बघतो. त्या खात्यात गेलेल्या दोन गाड्या आहेत. आलेली एकही नाही. कॅफेच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मी पुण्यात नोकरीला आहे आणि दिवसभर ई-मेल पाठवत असतो. बटण दाबलं की क्षणभर हात थांबतो, कुणी उठलं का म्हणून मी आजूबाजूला बघतो. सगळे खाली मान घालून बसलेले असतात.