चौथ्या पानावरची गृहिणी

आमच्या आमदारांचा कार्यअहवाल वर्षातून दोनदा यायचा आणि यायचा तो पेपरच्या पोटात. गुळगुळीत कागदाची आठ पानं. पहिल्या पानावर आमदार हात जोडून, शेवटच्या पानावर फेटा बांधून आणि मध्ये रस्ते, रुग्णालय, अर्नाळ्याच्या किनाऱ्याची सफाई, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, महिला मंडळाचं हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने. 'पाणी : पहिले प्राधान्य' हा मजकूर तिसऱ्या पानावर ठरलेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही विरारला फ्लॅट घेतला तेव्हाही तो तिथेच होता आणि पुढची पाच वर्षं तिथून हलला नाही.

बिल्डिंगमधले बाकीचे लोक हा अहवाल कपाटात साड्यांखाली अंथरायचे. मी मात्र तो अक्षरन् अक्षर वाचायची. हौस म्हणून नव्हे. माझी नोकरी त्या तिसऱ्या पानावर टांगलेली होती.

आमच्या तीन मजली बिल्डिंगला नळ होता, पाणी नव्हतं. पाणी टँकरने यायचं आणि जमिनीखालच्या टाकीत पडायचं. सोसायटीचा नियम असा, की बारा बिऱ्हाडांनी आळीपाळीने टँकर उतरवून घ्यायचा. ज्याचा दिवस असेल त्याच्या घरचं एक माणूस हजर पाहिजे. टँकरचा पाइप टाकीत जाण्याआधी बांबूची काठी तळापर्यंत बुडवायची, ओल कुठवर आली तिथे खडूने खूण करायची, टँकर रिकामा झाला की पुन्हा बुडवायची आणि मग ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर सही. काठी धरायला कुणी नसलं तर ड्रायव्हर अर्धा टँकर ओतून पुढच्या बिल्डिंगकडे पसार व्हायचा. आणि हे महाशय यायचे कधी, तर दहा ते दोनमध्ये केव्हाही.

बिल्डिंगमध्ये नोकरीला जाणारी बाई मी एकटीच होते. फोर्टमधल्या एका कंपनीत मी स्टेनो होते, लग्नाच्या आधीपासून. पहिलं वर्षभर शेजारणींनी माझे दिवस सांभाळले. मग एकदा पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच म्हणाल्या, "तू ऑफिसात पंख्याखाली बसणार आणि तुझी काठी आम्ही धरणार, हे किती दिवस?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

नवऱ्याला म्हटलं, एक दिवस मी रजा घेते, एक दिवस तू घे. तो म्हणाला, "सगळ्या बायकांच्यात मी काठी घेऊन उभा राहू? बरं दिसतं का ते?" मला त्याचा राग आला. आजही हे लिहिताना येतोय. बरं दिसायचा प्रश्न होता तर माझी रजा कुणाला दिसत होती?

ऑफिसातले मॅनेजर दादरला राहायचे. "बाई, आजारपणाची रजा समजू शकतो. पाणी भरायला रजा?" असं ते दर वेळी नव्याने विचारायचे. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की या वर्षी ठरलेल्या रजेच्या वर एक जरी दिवस गेला तर त्यांना वर कळवावं लागेल. वर कळवणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तसली पत्रं मीच टाइप करायची.

आमच्याकडे गिरीजहून एक भाजीवाली यायची. वाडीतली केळी, वालाच्या शेंगा, अळू डोक्यावर घेऊन मजले चढायची. एकदा माझ्या हातात नुकताच आलेला अहवाल बघून म्हणाली, "बाय, पाचवं पान वाचलं का? टँकर बंद करनार म्हंते."

मी पान उलटलं. खरंच होतं. 'वाड्यांमधील विहिरींचे पाणी टँकरने उपसणे थांबवणार.' आमच्या टाकीत पडायचं ते पाणी तिच्या गावच्या विहिरींचं. तिसऱ्या पानावर मला नळाचा शब्द दिला होता आणि पाचव्या पानावर तिला विहिरीचा.

"आमची विहीर तळाला गेलीय," ती म्हणाली. "सकाळी मोटर लावली तर पाव तासात हवा खाते. तुमच्या नळाला पानी येऊ दे, म्हंजे आमचं राहील."

मी म्हटलं, "येऊ दे गं बाई. तुझ्याइतकीच मलाही घाई आहे."

आणि आलं. खोटं कशाला सांगू, त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या रस्त्याला नवी पाइपलाइन पडली. शनिवारी सकाळी आमच्याच बिल्डिंगच्या आवारात जलपूजन ठरलं. मांडव, ताशा, नारळ. मी दिवाळीची नवी साडी आधीच नेसले. आमदारांनी नळ सोडला आणि धो धो पाणी आलं. माझ्या हातात हंडा होता. तो भरला, वरून वाहिला, साडीचा काठ भिजला आणि मी हसतच राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, इकडे बघा." मी बघितलं. ते हसू कुणी सांगून आणलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं : आता रजा नको, मॅनेजरसमोर उभं राहणं नको.

पुढची चूक माझी. आठवडाभर पाणी नीट आलं तशी सोसायटीची सभा झाली. टँकरवाल्याकडे आमच्या बिल्डिंगचा दोन वर्षांपासूनचा नंबर लागलेला होता. मागच्या गल्लीतली नवी बिल्डिंग तो मागत होती. काकू म्हणाल्या, "घाई नको, महिनाभर बघू." मी उठून उभी राहिले आणि अहवालाचा जुना अंक दाखवत म्हटलं, "इथे छापलंय त्याप्रमाणे झालंय ना? मग विश्वास कधी ठेवायचा?" भाजीवालीची विहीरही मी मध्ये आणली. नंबर सोडायचा ठराव मीच मांडला. सगळ्यांनी हात वर केले. काकूंनीही, जरा उशिरा.

तिसऱ्या आठवड्यात धार करंगळीएवढी झाली. चौथ्या आठवड्यात नळ नुसता फुसफुसायला लागला. टँकरवाल्याकडे गेलो तर आमचा नंबर शेवटचा. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं, आणि ते माझ्याच हातात. आता टँकरला दिवसही ठरलेला नव्हता. आज येईल, उद्या येईल. बिल्डिंगमध्ये मला कुणी काही बोललं नाही. फक्त काठी धरायची वेळ आली की सगळ्यांची दारं लोटलेली असायची.

त्याच सुमाराला नवा अहवाल आला. चौथ्या पानावर, अर्ध्या पानाच्या फोटोत, मी. भरलेला हंडा, भिजलेला काठ, सगळे दात बाहेर. खाली ओळ : 'नळाला पाणी आल्याने आनंदित झालेली गृहिणी.'

पाणी नाही याचा संताप होताच, पण त्या शब्दाने मी जास्त पेटले. बारा वर्षं नोकरी करत होते मी. कुणी विचारलं सुद्धा नाही. हंडा घेतलेली बाई म्हणजे गृहिणी, झालं.

मी तडक आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथल्या कार्यकर्त्याने चहा मागवला, तक्रार ऐकून घेतली, बिल्डिंगचं नाव विचारलं आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातून अहवाल काढला.

"पण ताई, तुमच्याकडे तर पाणी आलंय. हा काय फोटो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, तुम्हीच ना ह्या?"

"मीच. आणि मी गृहिणी नाही."

"ते पुढच्या अंकात दुरुस्त करू. लिहून घेतो." त्याने खरंच लिहून घेतलं.

"आणि पाणी?"

तेवढ्यात आतून आमदार आले. त्यांनी मला ओळखलं. "वहिनी, पाणी मागूनच कमी सुटतंय. नव्या योजनेची फाइल मंत्रालयात आहे, मी स्वतः मागे लागलोय. थोडी कळ काढा." ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. आमच्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा हा माणूस स्मशानापर्यंत चालत आला होता. राग काढायला समोर एखादा नालायक असता तर बरं झालं असतं. मी कळ काढायला घरी आले.

माझ्याकडे रजेचे चार दिवस उरले होते. दोन दिवस टँकर आलाच नाही, मी दारात काठी टेकवून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी पुन्हा नाही. पाचव्या दिवशी घरात प्यायला कळशीभर पाणी होतं आणि मी घरी थांबले. नवरा म्हणाला, "एक दिवसाने काय होतंय?" तो ऑफिसला गेला.

मॅनेजरनी वर कळवायच्या आधी मीच राजीनामा टाइप केला. एकही चूक नव्हती त्यात. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "पाण्यासाठी नोकरी सोडणारी मी पहिलीच बघतोय." मी म्हटलं, "विरारला या एकदा." घरी येताना मी रडले नाही. रडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे गेल्यावर, टाकीवर.

सहा महिन्यांनी पुढचा अंक आला. भाजीवाली पायरीवर बसली होती, मी टाकीच्या झाकणावर, हातात काठी, टँकरची वाट बघत. 'पाणी : पहिले प्राधान्य' तिसऱ्या पानावर होतं, तिची टँकरबंदी पाचव्यावर.

"तुझं काय छापलंय काय?" तिने विचारलं. तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

मी आठही पानं पाहिली. दुरुस्ती कुठेच नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "आता करण्यासारखी उरलीही नाही."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मी अहवाल तिच्या टोपलीत टाकला, उठले आणि काठी टाकीत बुडवली.