धर्मानाईकांचा अस्सल फोटो

शनिवार, २६ एप्रिल. काम : हॉलमधला धर्मानाईकांचा फोटो फ्रेममधून काढणे, पुसणे आणि चारच्या आत फ्लेक्सवाल्याकडे पोचवणे.

धर्मानाईक हे माझ्या सासरचे मूळ पुरुष. पेशवाईत त्यांनी खाडीतून होड्या नेल्या आणि पोर्तुगीजांना पळवून लावलं, असं आमच्याकडे सांगतात. तोफांनी त्यांचं काही वाकडं झालं नाही. कसरीने मात्र त्यांचा उजवा कान खाल्ला होता.

रविवारी सकाळी दहाला मानपाड्यातल्या आमच्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं होतं. माझे धाकटे दीर, दिनेशभाऊजी, तीन वर्षं त्यासाठी चपला झिजवत होते. फलकावर पुरुषभर उंचीचा फोटो असणार होता आणि पडद्याची दोरी ओढणार होत्या माझ्या सासूबाई, वय एक्क्याऐंशी. त्यांनी महिनाभर आधीच त्यासाठी लुगडं काढून ठेवलं होतं.

आता माझं औषधांचं दुकान आहे. पाकीट हातात आलं की माझा अंगठा आपोआप एक्स्पायरी शोधायला लागतो. (लग्न ठरताना तो शांत बसला होता, पण ते असो.) तर मी फोटो फ्रेममधून काढला, उलटा केला आणि सवयीने तारीख शोधली. तारीख नव्हती, पण ठाण्यातल्या एका स्टुडिओचा पुसटसा शिक्का होता. आणि लग्नानंतर तब्बल चोवीस वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"भाऊजी, पेशवाईत कॅमेरा होता का हो?"

"नसेल. का?"

"मग हा फोटो कोणी काढला?"

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, आज नको ना. उद्या कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम आहे म्हणून कॅमेरा शंभर वर्षं आधी येणार आहे का?"

सोफ्यावर पाय वर घेऊन सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय गो मंदा, आपल्या देवघरान गनपतीचा फोटो हाय ना?"

"आहे, आई."

"त्याचे वक्ताला कोनाकरं कॅमेरा व्हता?"

मी फार्मसीची पदवीधर आहे. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. आपण मराठी माणसं चित्रालाही फोटोच म्हणतो, तिथे मी काय बोलणार? "ते चित्र आहे, आई, हा फोटो आहे," एवढं मी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "तेच तं मी बोलतंय, दोनी फोटोच," आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

हरले की मी जरा वाईट वागते. त्याच तिरीमिरीत मी भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं : 'हॉलमधला फोटो बनावट आहे. त्या काळी कॅमेरा नव्हता. कृपया नोंद घ्यावी.'

एकशे चाळीस माणसांनी नोंद घेतली. काहींनी माझ्या माहेरचीही घेतली. (मी खोपटची. "एसटी डेपोजवळच्या लोकांनी आम्हाला इतिहास शिकवू नये," असं एका चुलत सासऱ्यांनी लिहिलं.) शेवटी माजिवड्याच्या गुरुजींचा मेसेज आला. गुरुजी म्हणजे नात्यातले निवृत्त इतिहास शिक्षक आणि उद्याचे प्रमुख पाहुणे. 'उद्या मी स्वतः फोटो तपासेन. बनावट निघाल्यास फलक तिथल्या तिथे उतरवावा.'

भाऊजींचा चेहरा पाहून मला माझ्याच दुकानातली ओआरएसची पुडी द्यावीशी वाटली.

"तीन वर्षं, वहिनी. तीन वर्षं!"

"थांबा. गुरुजींच्या आधी मीच नीट तपासते."

बॅच नंबर वाचायला ठेवलेलं भिंग मी दुकानातून मागवलं. भिंगाखाली सरदार धर्मानाईक जवळ आले. तलवारीला चांदीचा कागद गुंडाळलेला होता. मागचा राजवाडा कापडाचा होता आणि त्याला सुरकुती पडली होती. मिशीचं डावं टोक गालापासून सुटलं होतं. म्हणजे नाटकातला नट! मी विजयी मुद्रेने पुढे सरकले आणि पायापाशी अडकले. पाय इतकी वर्षं फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली झाकलेले होते. सरदारांच्या पायात जोडवी होती.

नट कितीही हौशी असला तरी लग्नातली जोडवी घालून लढाईला जाणार नाही. मी भिंग अजून खाली नेलं. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. अशी करंगळी मी आयुष्यात एकाच पायाला पाहिली आहे. मी फोटोवरून नजर काढून सोफ्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी पाय हळूच लुगड्यात ओढून घेतला.

भाऊजी एकदा फोटोकडे बघत होते, एकदा आईकडे.

"आई?" मी म्हणाले.

"सरदाराचा काम करनारा बालू ताडी पिऊन परला व्हता," सासूबाई म्हणाल्या, जणू मी त्यांना भाजीचा भाव विचारला होता. "जत्रेचा नाटक. समदा गाव जमलेला. तालमी आपल्याच अंगनान झालेल्या. मी चुलीकरशी आयकून आयकून समदा पाठ केलेला. तुजा सासरा बोलला, तूच उभी रव. त्यानच मिशी चिकटवली."

"आणि कोणी ओळखलं नाही?"

"कोन वलखनार? कोनी तोंड बगितलेला माजा? घरान डोक्यावरचा पदर कदी खाली नाय आला."

तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. चार तास सरदार होऊन उभ्या राहिल्या आणि एक वाक्य चुकल्या नाहीत. पडदा पडल्यावर त्यांचे सासरे स्टेजवर चढले. गावात त्यांच्यापुढे कोणी मोठ्याने खोकत नसे. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि सरदारांच्या डोक्यावर ठेवला. सुनेशी ते कधी दोन शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "पोरा, धर्मानाईक असाच असंल."

मग ठाण्याहून आलेल्या फोटोवाल्याने हा फोटो काढला. माझ्या सासऱ्यांनी तो भिंतीवर लावला. नाटक पाहिलेली माणसं एकेक करून गेली, पुढच्या पिढीने भिंतीवरचा फोटो खरा धरला, आणि सासूबाई दर दसऱ्याला स्वतःलाच हार घालत राहिल्या.

मी परत फोटो हातात घेतला. मघाशी हेच डोळे असलेल्या माणसाला मी नट म्हणाले होते. पोर्तुगीज नक्की पळाले असते. दोन्ही मुलांना दहावीच्या पेपराआधी मी याच फोटोपुढे वाकवलं होतं. मुलीचं नाक थेट सरदारांवर गेलंय, असं मी माहेरी सांगत होते. ते आजीवर गेलं होतं.

"आई, उद्या मी माइकवर सगळं सांगते. तुमचं नाव फलकावर यायला हवं."

"नको." लसणाची ताटली त्यांनी बाजूला सारली. "माजे सासऱ्यान फेटा सरदाराला दिल्ला, सुनेला नाय. लोकं त्याला हसतील. मेलेल्या मान्साची फजिती नको करू."

"मग दुसरा फोटो लावू?"

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "यो फोटो काढू नको, मंदा. मना एकदा चौकान बगायचा हाय."

फ्लेक्सवाल्याने कान नवीन बसवून दिला. "मॅडम, पायातलं ते काहीतरी उडवून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे." मी नको म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी दहाला सासूबाईंनी दोरी ओढली. पडदा सरकला आणि अठरा वर्षांची ती मुलगी, हातात तलवार घेऊन, सगळ्या चौकावर उभी राहिली. रिक्षावाल्यांनी हॉर्न थांबवले. म्हातारी माणसं डोक्यावरची टोपी काढून पुढे आली. सासूबाई मान वर करून बघत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून पदर घसरला होता. त्यांनी तो सावरला नाही.

मग एकेक जण फलकापुढे वाकू लागला. डोळे मिटून वाकत होते, त्यामुळे ठीक चाललं होतं. गुरुजी मात्र डोळे उघडे ठेवून वाकले, आणि वाकलेलेच राहिले. बराच वेळ. मग सरळ होऊन त्यांनी खिशातून वही काढली.

"मंदाताई, शंका तुम्हीच काढली होती. कॅमेऱ्याचं एक वेळ सोडू, गणपतीचाही फोटो असतोच. पण सरदारांच्या पायात ही जोडवी कशी?"

भाऊजींनी डोळे मिटले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"त्या काळी नाईक मंडळी घालायची," मी काउंटरवरच्या आवाजात म्हणाले. "खाडीतल्या चिखलात पाय घसरू नये म्हणून."

"याला आधार?"

"तोंडी परंपरा. आईंना विचारा."

"घालायची," सासूबाई म्हणाल्या. "मी सोता बगलंय."

गुरुजींनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि भाषणात दोनदा सांगितलं. टाळ्या पडल्या. आता फोटोबद्दल कोणी विचारलं तर मी छातीठोक सांगते, तो अस्सल आहे. मानपाड्याच्या इतिहासात एकच गोष्ट बनावट आहे, आणि ती मी स्वतः, सकाळी सव्वादहाला, पूर्ण शुद्धीत असताना घातलेली आहे.