वरून आलेली चाल

चहा घ्या. आणि आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा ऐकल्यावर मले कोणी 'आत्मिक गायक' वगैरे म्हणायचं नाई. आधी एक-दोन जण म्हणत होते. आता तेही माह्याकडं पाहून हसून राह्यले.

माहं नाव शमुवेल. मूलमध्ये राहतो. लेकरायले कीबोर्ड शिकवतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, रविवारी चर्चमध्ये वाजवतो, आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करतो. कंपनी नाई, प्रोड्युसर नाई, सगळा कारभार घरचाच. मागच्या खोलीत माहा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तं भिंतीले अंड्याचे ट्रे चिकटवले, खिडकीवर जुनी गादी ठोकली, कुलरसाठी पाडलेल्या भोकाले पुठ्ठा लावला आणि दारावर लिहिलं, 'शांतता राखा'. पुठ्ठा काही नीट बसला नाई, पण म्हणलं चालते.

माही बायको वनिता, दवाखान्यात नर्स. रात्रपाळी असली का सकाळी आठले घरी. तिचं माहेर सावलीकडचं, धानाची शेती, देवघर-तुळस मानणारं घर. मी ख्रिस्ती. आमचं लग्न ठरलं तवा काय झालं असन, तुमीच समजून घ्या. मामाजी, म्हणजे वनिताचे बाबा, दोन वर्षं आमच्या दारात आले नाई. मंग एक दिवस स्वतःच नव्या तांदळाचं पोतं घेऊन उभे. माहं गाणं ऐकलं आणि वनिताले म्हणाले, जवाई गाते बरं, पण कोणाशी बोलून राह्यला ते समजत नाई. मले लय आवडायचे ते.

मागच्या वर्षी मामाजी गेले. आणि मामी, म्हणजे माही सासू सुभद्राबाई, एकदम मुकी झाली. अहो, ही बाई रोवणीच्या टायमाले धानाच्या बांधीत उतरली का साऱ्या बाया तिच्या मागं गाणं उचलायच्या! आता विचारलं, जेवली का, तं 'हाव'. झोप झाली का, 'हाव'. बस. वनिता तिले मूलले घेऊन आली. ड्युटीवरून आली का पहिले आईचं तोंड पाहायची, मंग माहं. एक दिवस मले म्हणाली, "तिनं एकदा गाणं म्हणलं ना, तं मी समजीन का माही आई जगते. नाई तं बाबाच्या मागं तीही चालली."

हे डोक्यात ठेवा. आता माह्या अकलेकडं वळू.

मी पहाटे स्टुडिओत प्रार्थनेले बसतो. हिवाळा लागला होता. एक दिवस डोळे मिटून, हात वर करून बसलो होतो, तं एक चाल ऐकू आली. दुरून, बारीक. अशी चाल मी कुठीच ऐकली नव्हती. सिनेमातली नाई, चर्चमधली नाई, ऑर्केस्ट्रातली तं नाईच नाई. अंगावर काटा आला हो! दुसऱ्या दिवशी तीच चाल, थोडी पुढं. मी कीबोर्डवर बसवून घेतली. चार-पाच पहाटेत मुखडा झाला, एक अंतरा झाला. मी रडून राह्यलो, वाजवून राह्यलो.

वनिता आल्याबरोबर तिले सांगितलं, देव मले हप्त्याहप्त्यानं चाल देऊन राह्यला. ती रातभर वॉर्डात उभी होती. म्हणाली, छान, गॅसचा सिलेंडर कधी येते तेही विचारून ठेवा. आणि झोपली.

पास्टर साहेबाले सांगितलं. त्यायनं रविवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मंग ती गोष्ट पोचली भद्रावतीले, प्रफुल्लकडं. प्रफुल्ल तिथी नोकरी करते आणि एक चॅनल चालवते. आमच्यासारखे स्वतःची गाणी करणारे, चर्चमध्ये गाणारे, यायले तो बोलतं करते. गाणं कसं सुचते, विश्वासाचा त्याच्याशी काय संबंध, असं सगळं. त्याचा फोन आला का नाताळाच्या आधी मुलाखतही घेऊ आणि नवीन गाणंही टाकू. मी म्हणलं, या. दुसरा अंतरा बाकी होता, पण देणारा बसला आहे, मले कायची चिंता?

एकच गोष्ट खुपत होती. भांडी! मामी पहाटेच उठून रात्रीची भांडी मोरीत घासायची. मोरी स्टुडिओच्या बरोबर मागं. चाल ऐन रंगात आली का गंजावर गंज, ताटावर ताट. खण्ण! मले वाटलं, हे सैतानाचंच काम आहे. देव एकीकडून देते, हा दुसरीकडून आपटते.

मी काही रागात बोललो नाई, बरं का. हात जोडून, गोड आवाजात म्हणलं, "मामी, पहाटे मी प्रार्थनेत असतो. तेवढ्या वेळात आवाज नोका करू."

मामीनं पदर सारखा केला. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "चुकलं जवाईबापू. आता नाई होनार."

दुसऱ्या दिवशी पहाटे काय ती शांतता! मी खुशीत डोळे मिटले. हात वर केले.

काही नाई. चाल नाई, सूर नाई. शेजारच्याचा कोंबडा तेवढा ऐकू आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाई. मी घाबरलो. म्हणलं, माह्या हातून पाप झालं. आठवडाभरापूर्वी एका लग्नात नाचायची गाणी वाजवली होती, तेच भोवलं. की गर्व झाला? की पास्टर साहेबाले आधीच सांगितलं म्हणून? शेवटी ठरवलं, उपास. आणि उपास कोणाले दाखवून करायचा नसते, म्हणून घरात काही बोललो नाई. ताट समोर आलं का म्हणायचं, भूक नाई.

आता सांगा, आमच्या घरी रांधून कोण राह्यलं होतं? मामी. आणि आमच्याकडं जवायानं सासूच्या हातचं ताट सरकवलं तं त्याचा अर्थ काय होते? तुमाले समजलं ना? मले नाई समजलं. मी आत्मिक लढाईत होतो.

पहिल्या दिवशी तिनं वांग्याची भाजी केली. नको. दुसऱ्या दिवशी वडाभात, मले जीव की प्राण. मी त्याच्याकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं, म्हणलं नको. मामीनं ताट उचललं आणि स्वतःही जेवली नाई. मंग तिनं वनिताले सांगितलं, मले गावाले पोचवून दे. काऊन, तं काही सांगेना.

वनिता माह्याजवळ येऊन रडली. म्हणाली, आई जराशी सुधरून राह्यली होती, परवा मले केसाले तेल लावून दिलं, आणि आता एकदम काय झालं? तिथी एकटी राह्यली तं ती काही खात नाई, हे तिले माहीत होतं आणि मलेही. आणि मी, उपाशी तोंडानं, गंभीर होऊन काय म्हणालो असन? म्हणालो, "वनिता, सैतान आपल्या घरात घुसला आहे."

खोटं नाई बोललो. तो तिच्यासमोरच बसला होता.

शेवटी ठरलं का मुलाखत झाली का दुपारच्या बसनं वनिता मामीले घेऊन जाईन. मामीची थैली सकाळपासूनच दाराजवळ भरून ठेवली होती.

प्रफुल्ल आला. स्टँड लावलं, मोबाइल लावला, माइक लावला, कानाले हेडफोन. वनिता चांगलं पातळ नेसून कोपऱ्यात बसली, पण डोळे सुजलेले. मामीनं चहा आणून दिला आणि कप घेऊन मागं गेली. प्रफुल्लनं विचारलं, दादा, तुमची गाणी कुठून येतात?

हे उत्तर मी आरशासमोर बसवून ठेवलं होतं. "प्रफुल्लभाऊ, मी फक्त पाइप आहे. पाणी वरून येते." मंग सुटलोच. म्हणलं, कलाकारानं रिकामं होता आलं पाहिजे. माहं पोट तं रिकामंच होतं. म्हणलं, शांत राहणं शिकलं पाहिजे, कान उघडे ठेवले पाहिजे. प्रफुल्ल मान डोलवून राह्यला. मंग मी मुखडा वाजवला, अंतरा वाजवला, आणि थांबलो. पुढं काय होतं माह्याजवळ? खरं सांगून टाकलं का पुढचं अजून आलं नाई.

आणि आली! तीच चाल! दुरून, बारीक, आणि या वेळी थांबेना. मुखडा झाला, अंतरा झाला, आणि पुढं दुसरा अंतरा! मी उभा झालो. हात वर. "आलं! ऐका, आलं!" म्हणत खाली गुडघ्यावर. वनिताले वाटलं, उपाशीपणा डोक्यात गेला.

प्रफुल्लनं हेडफोन कानाले दाबले. मोबाइल पाहिला, मले पाहिलं, भिंत पाहिली. मंग हळूच म्हणाला, "दादा, मागं कोणीतरी भांडी घासून राह्यलं."

मी म्हणलं, "भांडी सोड, चाल ऐक."

"चालच ऐकून राह्यलो, दादा. भांडी घासणारी बाईच गाऊन राह्यली."

वनिता तोवर उठली होती. तिनं कुलरच्या भोकाचा पुठ्ठा ओढून काढला. पलीकडं मामीची पाठ. कोपरापर्यंत राख, हातात गंज, आणि आवाज. आता शब्दही ऐकू येत होते.

बांधीत पानी, पान्यात आभाळ,
आभाळात रोवली मी धानाची माळ.
धुऱ्यावर धनी, धन्याची साउली,
साउली पान्यात पायाशी आली.

मामीनंच केलेलं रोवणीचं गाणं. ती बांधीत वाकलेली असायची आणि मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून रोपाच्या पेंढ्या फेकायचे, तवाचं. वनितानं ते लहानपणी ऐकलं होतं. ती भोकाजवळ उभी राहून नुसती रडून राह्यली. मामाजी गेल्यापासून मामी लेकीसमोर गायली नाई, कारण गायली तं रडणार, आणि ती रडली का लेक रडणार. म्हणून लेक ड्युटीवर असली का पहाटे मोरीत बसून, भांड्याच्या आवाजात, कोणाले ऐकू जाणार नाई असं गायची.

आणि मी तेच बंद केलं होतं.

"आई," वनिता म्हणाली.

मामी दचकली. गंज हातातून सुटला. वळून पाहिलं, तं भोकात लेकीच्या बाजूले माहं तोंड. ती उभीच झाली. "चुकलं जवाईबापू. आत माहंच गाणं वाजून राह्यलं म्हनून मले वाटलं तुमचा राग गेला. तोंडातून निघून गेलं. मी जाऊनच राह्यली, बस हाय आता."

काय सांगू, मले भडभडून आलं. मी देवाले रोज वरडून मागत होतो, आणि त्यानं दिलं तं मीच हात जोडून त्याले म्हणलं होतं, आवाज नोका करू! दारातून फिरून जायची अक्कलही राह्यली नाई. मी तसाच भोकातून हात घातला, खांद्यापर्यंत अडकलो, आणि तिची राखेची बोटं धरली.

"मामी, कुठी जायचं नाई. आवाज करा. जेवढा करायचा तेवढा करा. आणि पहिले मले काहीतरी खायले द्या."

"तुमी रागात नाई?"

"आहे. पण माह्यावर."

हात काढायले प्रफुल्लले ओढावं लागलं. मंग वडाभात झाला. मी जेवलो, मामी एकेक घास पाहून राह्यली, मंग स्वतः जेवली. वनिता दोघांच्या ताटाकडं पाहून राह्यली. प्रफुल्लही जेवला. त्याचा मोबाइल मात्र स्टँडवर चालूच होता. मी पाया पडून म्हणलं, ते पाइपचं आणि गुडघ्याचं उडव बाप्पा. त्यानं उडवलं. पण त्याच्याजवळ अजून आहे, आणि लग्नाकार्यात तो दाखवते.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगावं लागलं का चाल माह्या सासूनं दिली. सगळे हसले, पास्टर साहेब तं डोळे पुसून हसले. मामीले एकच काळजी. "तुमच्या देवाले चालन का माहं गाणं?" मी म्हणलं, मामी, त्याले पहिल्यापासून चालून राह्यलं, अडवणारा मी होतो.

मंग रेकॉर्डिंग. मामीले धुतलेलं पातळ नेसवून माइकसमोर बसवलं. तोंडातून सूर निघेना. म्हणाली, हातात काही नाई तं गाऊ कशी? शेवटी माइकच मोरीत नेला. तिथंही एक अडचण. भांडी संपली का तिचं गाणं संपते, मधातच! दुसऱ्या अंतऱ्यासाठी मले आत जाऊन चांगली भांडी खरकटी करून आणावी लागली. आणि तिचे हात दुखू नये म्हणून मी बाजूले बसून घासू लागलो.

गाणं निघालं. कीबोर्ड त्यात बसतच नव्हता, काढून टाकला. शेवटी नावं येतात. शब्द, सुभद्राबाई. चाल, सुभद्राबाई. आवाज, सुभद्राबाई. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'भांडी: शमुवेल'.

मामीनं मोबाइलवर ते सगळं पाहिलं. दोनदा पाहिलं. मंग पडद्यावर बोट ठेवून वनिताले म्हणाली, "गानं बरं झालं वो. पन जवाईबापूनं कढई बुडापासून घासलीच नाई."