पेडलवरचा पाय

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या वसुमतीबाईंनी सहा वर्षं, दर दोन महिन्यांनी, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक दाबला. गाडी चालवली मात्र एकदाही नाही.

त्यांचे यजमान त्रिविक्रम कचेरीत हेडक्लार्क. १९५८ साली त्यांनी जुनी काळी मोटार घेतली आणि तिला मेकॅनिकचा हात म्हणून लागू दिला नाही. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ पडे. मग रविवारी ते चाकाशी आडवे होत, तिथला बारीक नट पान्याने सैल करत आणि ओरडत, "दाब!" बाई वर बसून पेडल दाबत. हवा आणि तेल रबरी नळीतून बाटलीत येई. "सोड!" म्हटलं की सोडत. खाली होतं तरी काय, हे त्यांना कधी दिसलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुला काय करायचंय?"

करायचं होतंच! त्या सीटवर बसून बसून बाईंना गाडी शिकायची ओढ लागली होती. बोलायचा तेवढा धीर नव्हता.

एका गुरुवारी देवळाच्या उतारावर पेडल भसकन खाली गेलं आणि गाडी गंगव्वा फुलवालीच्या टोपलीला घासून थांबली. "अण्णा, स्वल्प, जरा बघून!" ती किंचाळली.

घरी येऊन त्रिविक्रमांनी जाहीर केलं, "रविवारी शेवटचं बघतो. नाहीतर सोमवारी गाडी विकली. गाडीतच खोट आहे." नाचता येईना, अंगण वाकडं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

रविवारी नेमकी यजमानांची कंबर धरली. "तुम्ही वर बसा, मी बघते," म्हणत बाईंनी कासोटा खोचला आणि पाना उचलला. रबरी नळी फाटल्यामुळे आज दवाखान्यातली पारदर्शक नळी लावली होती.

"आधी 'सोडा' म्हण, मग नट आवळ," वरून हुकूम आला. बाईंनी तसंच केलं आणि बघतच राहिल्या. नळीत आलेला बुडबुडा उलटा फिरून नटातून आत शिरला! पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तेच.

"अहो, सहा वर्षं आपण हवा काढतोय आणि परत आत घेतोय! आधी नट आवळायचा, मग पाय उचलायचा. मी सांगेपर्यंत हलू नका."

"सरी, बरं," यजमान म्हणाले. इतक्या लवकर ते कधी ऐकत नसत.

चारी चाकं झाली. त्रिविक्रमांनी पेडल दाबलं, ते दगडासारखं घट्ट लागलं.

"आता विकायला नको," ते म्हणाले.

"मग मला शिकवा." बाईंच्या तोंडातून निघून गेलं.

त्रिविक्रम कंबर धरून खाली उतरले, दार उघडं धरून उभे राहिले.

"बस. ब्रेक तुला येतोच. उरलेलं मी शिकवतो."