वॉचमनने धरलेली शिडी

मुलगी मेंदूच्या गाठीवर पीएच.डी. करतेय. फेलोशिपची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मिळाली नाही तर संशोधन थांबवून नोकरी शोधायची, हे आमचं आधीच ठरलेलं. पहिल्या तीन मिनिटांत विषय सामान्य माणसाला समजेल असा सांगायचा होता. सामान्य माणूस म्हणून मी बसले, वाटाणे सोलत.

"गाठीत थोड्या मूळपेशी असतात. ऑपरेशननंतर त्या उरल्या की गाठ परत वाढते. शरीराच्या रक्षक पेशी तिथे पोचतात, पण हल्ला करत नाहीत."

"का? झोपतात?"

"आई, थट्टा नको. मूळपेशींच्या अंगावर 'मी आपलीच' अशी खूण असते. शिवाय त्या असे रेणू सोडतात, की रक्षक पेशी उलट गाठीलाच मदत करायला लागतात."

"हे तर आपल्या वॉचमनसारखं झालं."

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. नवरात्रात सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले होते, छापायला मीच दिले होते. त्यातला एक कुणीतरी जुन्या कपड्यांत देऊन टाकला. गेल्या आठवड्यात तोच घालून एक चोर आला. "चाचा, जरा सीढी पकडना," म्हणाला. वॉचमनने शिडी धरली, चोराने काढलेली पंपाची केबल गुंडाळायलाही मदत केली. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, टी-शर्ट तो अपना था."

मुलगी उठून उभी राहिली. "शिडी धरली? म्हणजे चोराला नुसतं आत सोडलं नाही, वॉचमन त्याच्याच कामाला लागला. आई, हेच मला महिनाभर सांगता येत नव्हतं."

मग आम्ही दोघींनी सगळं नव्याने लिहिलं. "पेशी ठरवून फसवत नाहीत, हे एक वाक्य हवंच," ती म्हणाली. ते घातलं आणि तीन मिनिटं वीस सेकंद झाली. चोराचं वर्णन कापलं. पाचव्यांदा बरोबर बसलं. वाटाणे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती न थांबता बोलत होती.

"सगळे हसले गं. मग एका सरांनी विचारलं, वॉचमनला काढून टाकायचं का?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही सर, मग गेटवर कोणीच उरणार नाही. खूण झाकायची, आणि वॉचमनला परत वॉचमन करायचं. आमची लॅब तेच करून बघतेय."

गुरुवारी फेलोशिप मिळाल्याची मेल आली. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिलाच विषय वॉचमनला काढण्याचा होता. मी तिचंच उत्तर दिलं. वॉचमन राहिला, टी-शर्ट बंद झाले.