आवडाबाईला हिरवा चालत नाही

आवडाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई नवऱ्याशी भांडून आलीय. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. माझ्या सुनेचं, शिवानीचं डोहाळजेवण होतं आमच्याकडे नागावला. आवडाबाई शिवानीची सख्खी मावशी, पण लग्नाच्या गर्दीत आमची गाठ पडलेली नव्हती. बांगड्या भरणारा आलेला, आम्ही सगळ्या हात पुढे करून बसलेल्या, आणि हिनं आपले हात पदराखाली घेतले. म्हणे, मला पिवळ्या भर. सवाष्ण बाई आणि हिरव्या बांगड्या नकोत? मी लगेच शेजारणीच्या कानाला लागले. पंगत उठेपर्यंत आम्ही दोघींनी तिचा संसार पार मोडून टाकला होता. संध्याकाळी तिचा नवरा रावजी मोटारसायकलवर न्यायला आला. वारा लागू नये म्हणून स्वतःचा मफलर सोडून त्यानं तिच्या कानाला बांधला. झालं, माझी बातमी तिथंच बुडाली.

पुढे शिवानीला घेऊन मी तिच्याकडे गेले. गाव खाडीच्या काठाला. ओटीवर बसलं की समोर नजर पोचेल तिथवर दाट तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. मी आपली म्हटलं, काय छान गो, आमच्याकडे खोल्या घेऊन उतरणारे मुंबईचे पाहुणे इथे आले तर फोटो काढून थकतील.

"तो आमचा शेत हाय," ती म्हणाली.

मी चहाची बशी खाली ठेवली.

मग सगळं कळलं. ही खारी जमीन. खाडीला बांध घातलेला, म्हणून आत भात. बांधाला भगदाड पडलं की तिकडे म्हणतात खांड गेली. पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस ओहोटीला चिखल टाकायला उतरायचा. आता माणसं कंपनीत, नाहीतर आमच्यासारखी पाहुण्यांची अंथरुणं झटकण्यात. शेवटच्या खांडीला रावजी आणि दोन म्हातारे उतरले. भरती आली आणि टाकलेला चिखल घेऊन गेली.

मग तिथं तिवराचे कोंब दिसले. सासूनं सांगितलेलं, तिवराची मुळं बांध धरून ठेवतात. ते खोटंही नाही. म्हणून हिनंच ते कोंब जपले. शेळ्या हाकलल्या, काटेरी कुंपण घातलं. वाटलं, बांध सावरेल. तिवर बांधावरून शेतात उतरले आणि पसरतच गेले. आता ते तोडले तर गुन्हा.

तेव्हापासून तिच्या घरात हिरवं काही नाही. पडदे पिवळे, बादली पिवळी, साबणसुद्धा पिवळा. आम्हाला मे महिन्यानंतर हिरवं दिसलं की जीव गार होतो. तिचा जीव दिवाळीच्या सुमाराला गार व्हायचा, भात पिकून शेत पिवळं पडलं की. अजून त्या दिवसांत ती ओटीच्या कडेला येऊन उभी राहते आणि परत आत जाते, असं शिवानी सांगते. मी एकदा चिडवलं, कोथिंबीर तरी चालते का गो तुला? म्हणाली, "ती खायची असते, बघायची न्हाय."

तरी तिला आशा होती. खांड बुजवून मिळाली तर खारं पाणी बंद होईल, दोन-चार पावसांत मीठ धुऊन जाईल, परत भात लावू. गेल्या वर्षी सरकारी माणसं पाहणीला आली तेव्हा तिनं त्यांना सोलकढी पाजली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता हे जंगल झालं. खांड बुजवली तर पाण्यावाचून तिवर मरतील, म्हणजे तेही चालणार नाही. रावजीनं त्याच आठवड्यात नांगर विकून टाकला. परवा मी तिच्याकडे गेले तर आवडाबाई मला म्हणाली की शेत पिवळा कसा दिसायचा ते आता नीट आठवत न्हाय. मला थट्टा सुचली नाही. असं माझं सहसा होत नाही.

त्याच दिवशी पाटी लावायला माणूस आला. दत्तात्रेय नाव. पत्र्याची पाटी, हिरवीगार, वर पांढरी अक्षरं, तोड करू नये म्हणून. खांब रोवला बरोबर हिच्या ओटीसमोर.

ही खाली उतरली आणि म्हणाली, तोंड खाडीकडे कर. तो म्हणाला, रस्त्यावरच्या लोकांनी वाचायला हवी. ही म्हणाली, रस्त्यावरून फक्त मी जाते, आणि मला तोंडपाठ हाय. तो हसला.

"मावशी, मागे सगळं हिरवंच आहे. एका पाटीनं काय होतंय?"

"तो आपसूक आला. ही तू आणलीस."

मी मध्ये पडून म्हटलं, जाऊ दे गो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खांबाला टेकून खालीच बसली. दत्तात्रेयानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पाना काढला, पाटी उतरवली आणि फिरवून लावली. आता ओटीवरून नुसता मागचा पत्रा दिसत होता, करडा.

"खाडीतून कोण येणार वाचायला?" तो पुटपुटला.

"खेकडं," आवडाबाई म्हणाली, आणि त्याला चहाला वर बोलावलं.